दिव्यांसाठीं रिले कसा निवडावा ?

सभागृहांतील किंवा रस्त्यावरील दिवे ठराविक वेळीं आपोआप लागावे म्हणून जी योजना करतात, तींत बहुधा रिले असतो. रिले म्हणजे विजेनें चालणारा स्विच. त्याच्या वेटोळ्यांत लहानसा प्रवाह सोडला कीं, आंतील लोखंड चुंबक बनतें, पट्टी ओढली जाते, दोन टोकें एकमेकांस भिडतात आणि दिव्यांचा मोठा प्रवाह सुरू होतो.

कधीं कधीं रिलेचा प्रवाह बंद केला तरी दिवे जळतच राहतात. उघडून पाहावें तों टोकें वितळून एकमेकांस चिकटलेलीं ! रिलेवर तर १६ अँपिअर लिहिलेलें असतें, आणि २० वॅटचे २० एलईडी दिवे मिळून सुमारें २ अँपिअरच घेतात. मग असें कां व्हावें ?

एलईडी दिव्याच्या पॉवर सप्लायमध्यें, तसेंच ट्यूबलाईटच्या इलेक्ट्रॉनिक चोकमध्यें, कपॅसिटर असतो. दिवा लावतांना तो रिता असतो. आपल्या कंधारच्या जगत्तुंग समुद्राचें पाणी एखाद्या कोरड्या खड्ड्यांत सोडलें, तर पहिला लोंढा केवढा जोराचा येईल ! खड्डा भरल्यावर मात्र पाणी संथ होईल. येथेंही तसेंच घडतें. २३० व्होल्टांच्या पुरवठ्याचें शिखर ३२५ व्होल्ट असतें. नेमक्या त्या क्षणीं टोकें भिडलीं आणि मार्गांतील रोध २ ओहम असला, तर ओहमच्या नियमानें १६० अँपिअरांहून अधिक प्रवाह उसळूं शकतो. तो निमिषमात्रच टिकतो. परंतु भिडतांना टोकें किंचित् उडत असतात, त्यामुळें ठिणगी पडते, आणि ९६२ अंशांवर वितळणारें रुपें जागच्या जागीं सांधलें जातें.

म्हणून निवड करतांना पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या, असें आम्ही सुचवितों.

१. रिलेवरील मोठा आंकडा बहुधा हीटरसारख्या साध्या भारासाठीं असतो. माहितीपत्रकांत दिव्यांसाठीं व पहिल्या लोंढ्यासाठीं दिलेला आंकडा पाहावा.

२. रुपें व कथिलाचें ऑक्साइड यांचीं टोकें सहसा चिकटत नाहींत. लोंढा फारच मोठा असेल, तर आधीं टंगस्टनचें टोक भिडेल असा रिले घ्यावा. टंगस्टन ३४०० अंशांपलीकडे वितळतें.

३. विजेचा दाब शून्यावर असतांना जोडणी करणारी योजना मिळाल्यास उत्तम.

४. दिव्यांचे गट पाडून ते क्षणभराच्या अंतरानें लावावे.

५. लोंढा अडविणारा थर्मिस्टर थंड असतांनाच उपयोगी पडतो. वीज जाऊन लगेच परत आली, तर तो अजून तापलेलाच असतो. म्हणून केवळ त्याच्यावर विसंबूं नये.

जुन्या लोखंडी चोकचा स्वभाव निराळा. तेथें मोठी ठिणगी दिवा बंद करतांना पडते. म्हणून भार कोणता, हें प्रथम ओळखावें.

शेवटीं पालकांस व विद्यार्थ्यांस एक विनंती. टोकें चिकटलेल्या रिलेचा स्विच बंद दिसला, तरी तारेंत वीज असतेच. दिव्यास किंवा तारेस हात लावण्यापूर्वीं मुख्य स्विच बंद करून जाणत्या वायरमनकडून मीटरनें खात्री करून घ्यावी. चार पैसे वांचविण्यासाठीं घेतलेला अयोग्य रिले कोणाच्या जिवावर बेतूं नये.