‘कमी’ म्हणायचे होते, ‘वेगळे’ लिहिले

प्रबंधातल्या चाचणीत झेडची किंमत बरोब्बर शून्य आली तेव्हा मला आधी आनंदच झाला होता. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. मी २०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवले, १२८ उगवले, म्हणजे ६४ टक्के. आणि शून्य परिकल्पनेत काय लिहिले? पी = ०.६४! नमुन्यालाच विचारले, बाबा रे, तू तुझ्याइतका आहेस का? तो हो म्हणणारच.

ही चूक माझी मलाच सापडली. मुद्दाम सांगतो, कारण पुढची चूक गाईड सरांच्या सहीनिशी गेली. ०.७० घातले, पण पर्यायी परिकल्पनेत सवयीने ‘बरोबर नाही’चे चिन्ह टाकले. झेड उणे १.८५. दुहेरी चाचणीत पी-व्हॅल्यू ०.०६४, ५ टक्क्यांची पातळी थोडक्यात हुकली.

व्हायवाला एक्स्टर्नल परीक्षकांनी चहात बिस्किट बुडवत विचारले, “तुझा प्रश्न काय होता?”

“बियाणे ७० टक्क्यांपेक्षा कमी उगवते का.”

“मग हे चिन्ह कशाला? जास्त उगवले असते तर तक्रार करणार होतास?”

माझे कान गरम झाले. तिथल्या तिथे हिशेब केला: एकेरी चाचणीत ०.०३२. परिकल्पना फेटाळली जाते! म्हटले, सर, बदलतो. तर म्हणाले, “आकडे बघून दिशा बदलायची नाही.” नियम सोळा आणे खरा. पण माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर ‘कमी’ हा शब्द होता, गोणपाट भिजवण्याच्या महिनाभर आधीचा. ते पान उघडायची तसदी कुणी घेतली नाही. गाईड सर तर खिडकीबाहेर बघत होते.

तेव्हा, दोन्ही परिकल्पना दाणे मोजायच्या आधी लिहा आणि खाली तारीख टाका. बरोबरचे चिन्ह शून्य परिकल्पनेत, आणि तिथला आकडा निकषातून घ्यायचा, नमुन्यातून नाही. कमी, जास्त की वेगळे, हे तुमच्या प्रश्नातच असते. पर्यायी परिकल्पनेचे चिन्ह तिथूनच उचला. प्रमाणत्रुटीतही ०.७०च घाला, मी आधी ०.६४ घातले तर झेड उणे १.७७ येत होता. अभ्यास वेळेवर करा वगैरे आहेच. आणि गाईडची सही झाली म्हणजे गाईडने वाचले, असे समजू नका.

माझ्या प्रबंधात ‘उगवण ७० टक्क्यांहून वेगळी असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही’ असे छापलेले आहे. गोणपाटात ७२ दाणे तसेच कुजून पडले होते.