लांकडी सांगाड्यावर नवा पत्रा

जुन्या वस्तूची डागडुजी करणें हें नवी वस्तु घडविण्याहून पुष्कळदां कठीण असतें. नवी वस्तु करणारा कारागीर आपल्या मर्जीप्रमाणें आकार ठरवितो. परंतु डागडुजी करणारास दुसऱ्या कारागिराच्या मनांत काय होतें तें आधीं ओळखावें लागतें. विद्यार्थिमित्रहो, जुन्या मोटारीस नवा पत्रा कसा चढवितात हें पाहिलें असतां ही गोष्ट चांगली ध्यानांत येईल.

आजच्या बहुतेक मोटारींत पत्रे एकमेकांस जोडूनच गाडीस बळकटी आणतात. पूर्वीं तसें नव्हतें. चाकांवरील पोलादी चौकटीवर सुतारानें लांकडाचा सांगाडा उभारावा व त्यावर पत्र्याच्या कारागिरानें पत्रा चढवावा, अशी रीत होती. इंग्लंडांत या कामीं अ‍ॅश नांवाच्या वृक्षाचें लांकूड पसंत करीत. तें चिवट असतें. धक्का बसला तर लवतें, पण चटकन मोडत नाहीं. याच गुणामुळें हत्यारांचे दांडे व जुन्या टेनिसच्या रॅकेटीही त्याच्या करीत. अ‍ॅबिंग्डन येथें १९४५ ते १९४९ या काळांत तयार झालेली ‘एम्. जी. टी. सी.’ ही दोन आसनांची मोटार याच जातीची. अशा सुमारें १०,००० गाड्या निघाल्या, आणि हौशी लोकांनीं त्यांतील पुष्कळ अद्याप जपून ठेविल्या आहेत. आपण तिचेंच उदाहरण घेऊं.

अशा गाडीचा खरा वैरी म्हणजे पाणी. पत्र्याच्या कडा लांकडावर दुमडून बारीक खिळ्यांनीं ठोकलेल्या असतात. फटींतून पावसाचें पाणी आंत शिरतें आणि पत्रा व लांकूड यांच्यामध्यें कोंडून राहतें. मग पत्रा आंतून गंजतो, लांकूड कुजतें, आणि बाहेरचा रंग मात्र बरेच दिवस चकचकीत दिसतो. या गाडीचे दरवाजे मागील खांबावर टांगलेले असून पुढच्या कडेनें उघडतात. खांब कुजला म्हणजे दरवाजा खालीं उतरतो व त्याची कडी नीट बसत नाहीं. भरधाव गाडींत असा दरवाजा किंचित् सुटला, तर समोरचा वारा त्यास अधिकच उघडतो. तेव्हां हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे, तर आंत बसणाराच्या जिवाचा प्रश्न आहे.

म्हणून या कामाचा पहिला नियम असा : आधीं लांकूड, मग पत्रा. उतावळा मनुष्य गंजका भाग कापून त्या जागीं नवा तुकडा बसवितो. परंतु सांगाडाच ढळलेला असेल तर तो तुकडा खोट्या मापावर बेतला जातो. शहाणा कारागीर कांहींही सोडण्यापूर्वीं सर्व मापें टिपून घेतो. सांगाडा ढळूं नये म्हणून त्यास तात्पुरते आडवे दांडे बांधतो. मग एका वेळीं एकच कुजका तुकडा काढून त्याच्या मापाचा नवा बसवितो. दरवाजे टांगून ते अलगद मिटतात अशी खात्री झाल्यावरच तो पत्र्यास हात घालतो. जुना पत्रा कितीही सडका असला तरी काम पुरें होईपर्यंत तो टाकीत नाहीं. कारण मूळचा बांक व मूळची दुमड सांगणारा दुसरा साक्षीदार नसतो.

आतां पत्रा घडविणें. एक सोपा प्रयोग करून पाहा. कागद बाटलीभोंवतीं गुंडाळा. तो बिनबोभाट बसेल. तोच कागद चेंडूभोंवतीं गुंडाळा. त्यास सुरकुत्या पडतील. सपाट पृष्ठ न ताणतां, न आकसतां गोलावर बसविणें अशक्य आहे, हें गाउस या जर्मन गणितज्ञाच्या १८२७ सालच्या एका सिद्धांतावरून निघतें. पत्र्याचेंही तसेंच. एकाच दिशेनें वांकलेली बाजू नुसती वांकवून होते. मडगार्डासारख्या दोहों दिशांनीं फुगलेल्या भागांत मात्र पत्रा मध्यें ताणावा लागतो, किंवा कडेस आकसावा लागतो.

यासाठीं जुन्या भागावरून कागदी नमुना कापतात, दुमडीपुरती जागा अधिक ठेवतात, व सुमारें ०·९ मिलिमीटर जाडीचा मऊ पोलादी पत्रा त्याप्रमाणें कातरतात. वाळूनें भरलेल्या चामडी पिशवीवर ठेवून तो लाकडी हातोड्यानें ठोकला म्हणजे फुगूं लागतो, पण उंचसखल दिसतो. मग तो ‘इंग्लिश व्हील’ नांवाच्या यंत्रांतून पुढेंमागें फिरवितात. त्यांत वरचें चाक सपाट व खालचें किंचित् फुगीर असतें. दोहोंच्या चिमटींत पत्रा अंमळ पातळ होऊन पसरतो व गुळगुळीत होतो.

ठोकतां ठोकतां धातु कठीण होतो, हें पुण्याच्या तांबट आळींत भांडीं मठारतांना पाहणारास ठाऊक असेल. तेथें तांबें तापवून पुन्हां मऊ करून घेतात. कित्येक गाड्यांस अ‍ॅल्युमिनमचा पत्रा असतो. त्यासही तसेंच तापवावें लागतें. पण अ‍ॅल्युमिनम लाल न होतांच ६६० अंश सेंटिग्रेडला वितळतें, म्हणून डोळ्यांस सूचना मिळत नाहीं. यावर युक्ति अशी कीं, पत्र्यास आधीं साबण चोळावा. तो काळपट तपकिरी झाला कीं ज्योत दूर करावी. साध्या साबणानें उष्णतामापकाचें काम होतें!

प्रत्येक टप्प्यास पत्रा सांगाड्यावर ठेवून पाहावा. डोळा फसतो, पण तळहात सहसा फसत नाहीं. डोळे मिटून हात फिरविला म्हणजे बारीक उंचवटाही समजतो. सांधा जाळावयाचा असेल तर तो शक्य तितका सांगाड्यावरून काढूनच जाळावा, नाहींतर नवें लांकूड करपतें. शेवटीं लांकडास व पत्र्याच्या आंतल्या अंगास रंग द्यावा, आणि मगच कडा दुमडून खिळे ठोकावे.

हा आंतला रंग पुन्हां कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीं. गाडी पाहावयास येणारा बाहेरील चकाकीची वाखाणणी करून जातो. परंतु वीस पावसाळ्यांनंतर दरवाजा तितक्याच अलगद मिटतो कीं नाहीं, हें त्या झांकल्या गेलेल्या कामावरूनच ठरतें.