बिदरी आणि आवर्तसारणी

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या बीदरची बिदरी सुरई तुम्ही पाहिली आहे ना? जस्तात थोडे तांबे मिसळून ती ओततात व कोरलेल्या नक्षीत चांदीची तार ठोकून बसवतात. मग किल्ल्यातील माती व नवसागराच्या पाण्याने धातू काळा पडतो. चांदी मात्र चमकतच राहते.

हे तिन्ही धातू आवर्तसारणीत शोधा. तांबे २९, शेजारी जस्त ३०. तांब्याच्या थेट खाली चांदी, ४७. एका उभ्या गणातील मूलद्रव्यांचे गुण मिळतेजुळते असतात. तांबे व चांदी दोन्हींची बारीक तार निघते, दोन्हींतून वीज सहज वाहते.

१८६९ साली रशियाच्या मेंडेलीव्ह यांनी तेव्हा ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये अणुभारानुसार मांडली. गुण जुळेनात तेथे ओढूनताणून काही न बसवता त्यांनी जागा रिकाम्या ठेवल्या. त्यांना नावे देताना संस्कृत ‘एक’ वापरला: एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन. १८७५ मध्ये गॅलियम व १८८६ मध्ये जर्मेनियम सापडले आणि भाकीत खरे ठरले. १९१३ मध्ये मोस्ले यांच्या प्रयोगांमुळे अणुअंक हा मांडणीचा पाया ठरला. आज सारणीत ११८ मूलद्रव्ये आहेत.

मुलांनो, माहीत नाही तेथे जागा मोकळी ठेवण्यात लाज नाही. ती भरण्याचा ध्यास मात्र हवा.