मशीन लावली, तरी झोप का होत नाही?

(या महिन्याच्या गट बैठकीत वाचण्यासाठी आरोग्याचा पाठ)



करडीकडच्या एका बैठकीत एक ताई म्हणाल्या, "मशीन तं रोज लावतो मी, पण सकाळी डोस्कं जडच." ही मशीन म्हणजे सीपॅप. गटातून कर्ज काढून घेतलेली. हप्ता सुरू आणि झोप नाही, म्हणून त्या मशीन विकायला निघाल्या होत्या. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. मग आम्ही दोघी भंडाऱ्याला डॉक्टरांकडे गेलो. तिथे जे समजलं ते तुम्हाला सांगते.

आजार काय आहे?
झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते. श्वास अडला की मेंदू दचकून जागा करतो. असं रात्रभर होतं, पण आपल्याला आठवत नाही. याला स्लीप अॅप्निया म्हणतात. तासाला 5 पेक्षा कमी वेळा श्वास अडणं ठीक, 30 च्या वर गेलं तर आजार गंभीर. 2022 मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. घोरणं म्हणजे गाढ झोप, हा आपला गैरसमज आहे. बायांमध्ये घोरण्यापेक्षा थकवा, सकाळची डोकेदुखी आणि चिडचिड जास्त दिसू शकते. पाळी गेल्यावर धोका वाढतो.

सीपॅप हवेच्या दाबाने ती वाट उघडी ठेवते. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये हा उपाय जगापुढे मांडला.

मग झोप का होत नाही? हे तपासा.

1. किती तास लावता? ताई म्हणायच्या "रोज", पण मशीनच्या नोंदीत तीनच तास निघाले. रात्री लाईट गेली की मास्क निघायचा, तो परत लागतच नव्हता. लाईट गेल्यावर मास्क काढायलाच हवा, पण आली की पुन्हा लावा. जमलं तर इन्व्हर्टरची सोय डॉक्टरांना आणि विक्रेत्याला विचारून करा.

2. हवा गळते का? डोळ्यांना वारा लागतो, तोंड कोरडं पडतं, फुसफुस आवाज येतो? मास्कचं माप चुकलं असेल किंवा तोंड उघडं राहत असेल. पट्टा आवळून आवळून गालावर वळ पाडू नका, मास्क बदलून मागा.

3. नाक चोंदतं का? चुलीचा धूर, मळणीची धूळ यांनी नाक बंद होतं. मशीन जमिनीवर नको, स्टुलावर ठेवा. फिल्टर पाहा. मास्क रोज साबणाच्या पाण्याने धुवा.

4. दाब बरोबर आहे का? वजन वाढलं-घटलं की दाब बदलावा लागू शकतो. पण तो आपल्या मनाने बदलू नका.

5. दुसरं कारण आहे का? मशीन फक्त श्वासाची वाट उघडते. रक्त कमी असणं, थायरॉईड, रात्री पायांची तळमळ, उशिरा चहा, खर्रा, मनातली काळजी, यांवर तिचा इलाज नाही. रात्री अकराला झोपून पहाटे चारला उठणाऱ्या बाईला कोणतीही मशीन सात तासांची झोप देणार नाही.

त्या ताईंचा मास्क बदलला, तास वाढले. तरी थकवा राहिलाच. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी. आता गोळ्या सुरू आहेत. "अजून पुरतं बरं नाही, पण दुपारी धुऱ्यावर बसल्या बसल्या डोळा लागत नाही," असं त्या म्हणतात. मशीन त्यांनी विकली नाही.

लक्षात ठेवा: डॉक्टरांना न विचारता मशीन बंद करू नका. झोपेची गोळी मनाने घेऊ नका, त्याने श्वास आणखी अडू शकतो. झोप अनावर असेल तर गाडी चालवू नका.

बैठकीत बोलूया:
- आपल्या घरात कोण जोरात घोरतं आणि मध्येच श्वास थांबतो?
- घरातल्या बाईला सलग किती तास झोप मिळते? तिचं पहाटेचं कोणतं काम दुसरं कोणी करू शकेल?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरच्यांसमोरही वाचा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक