बाय, सभेत बोलायचं तर महाडपासून शीक

बाय, येत्या ग्रामसभेत पाण्याच्या टाकीबद्दल तू बोलणार म्हणालीस, तेव्हापासून तुझ्याशी सावकाश बसून बोलायचं मनात आहे. मोबाईलवर गाजलेली भाषणं ऐकतेस, वक्ता कुठे थांबतो, कुठे आवाज चढवतो ते वहीत टिपतेस. कर ते. पण आवाजाच्या चढउतारात फार गुंतू नकोस, तो भाग सवयीनं जमतो. लोकांचं मन कशानं वळतं हे पाहायचं असेल तर आपल्याच जिल्ह्यात ये. महाडला, १९२७ साली.

बाबासाहेब आंबेडकरांचं २५ डिसेंबर १९२७ चं भाषण तू शाळेत जयंतीला तुकड्यातुकड्यांनी ऐकलं असशील. ते अख्खं वाच, आणि वाचताना प्रत्येक परिच्छेदाशी विचार की हा माणूस आत्ता नेमकं काय करतोय. त्या दिवशी दुपारी ते दासगाव बंदरात बोटीनं उतरले होते. तिथून महाड पाच मैल. मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यानंतर अस्पृश्य मानलेल्या लोकांनी मार खाल्ला होता, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं होतं, आणि नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं करणारा आपलाच ठराव ऑगस्टमध्ये मागे घेतला होता. मंडपासाठी जागासुद्धा सहज मिळाली नाही, एका मुसलमान गृहस्थानं ती दिली. समोर बसलेल्यांच्या मनात किती राग असेल, विचार कर. अशा सभेत राग वाढवणं सगळ्यांत सोपं असतं.

त्यांनी काय केलं? आधी एक साधा प्रश्न मांडला. हे लोक आपल्याला तळ्यावर का येऊ देत नाहीत? मग एकेक कारण घेऊन बाजूला ठेवलं. पाणी बाटेल म्हणून? ते कारण टिकत नाही, कारण तिथे इतर धर्मांची माणसं पाणी पितात, गुरंढोरं आणि पाखरंही पितात. पाणी आटेल म्हणून? तेही नाही. असं करत करत एकच कारण उरलं: आपण त्यांच्या बरोबरीची माणसं आहोत हे त्यांना मान्य करायचं नाही. हा निष्कर्ष त्यांनी लोकांच्या डोक्यावर आदळला नाही. वाटा एकेक करून बंद केल्या आणि ऐकणारा स्वतःच्या पायांनी तिथे पोचला. जिथे माणूस आपला आपण पोचतो, तिथून त्याला सहज कुणी उठवू शकत नाही.

त्यानंतरची जागा मला सगळ्यात आवडते. विरोधक जे म्हणू शकले असते ते त्यांनी स्वतःच म्हणून टाकलं. या तळ्याचं पाणी प्यायल्यानं आपण काही अमर होणार नाही, आणि इतके दिवस न पिता मेलोही नाही, अशा अर्थाचं ते बोलले. समोरच्याच्या हातातलं हत्यार आधीच काढून घेतलं म्हण. आणि लगेच पुढे: आपण पाण्यासाठी जात नाही, माणूस म्हणून आपला हक्क सांगायला जातोय. कबुली आधी, दावा नंतर. उलट क्रमानं म्हणून बघ, जोर राहत नाही.

मग एकदम व्हर्साय! महाडच्या मंडपातल्या सभेची तुलना त्यांनी १७८९ मध्ये फ्रान्समधल्या व्हर्सायला भरलेल्या राष्ट्रीय सभेशी केली. कोकणातल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या हलक्या ठरवलेल्या माणसांना सांगितलं की तुम्ही जे करताय ते जगाच्या इतिहासातल्या मोठ्या कामाच्या जातीचं आहे. तुलना नुसती लावून दिली असती तर ती शोभेची झाली असती. पण त्या फ्रेंच सभेनं माणसाच्या हक्कांबद्दल काय जाहीर केलं ते त्यांनी उलगडून सांगितलं, आणि महाडच्या परिषदेनं माणसं जन्मतः समान असल्याचा आपला जाहीरनामा मंजूरही केला. तुलना कामाला लागली. तुझ्या भाषणात कुठल्या मोठ्या माणसाचं नाव घेशील तेव्हा एवढं तपास: ते नाव तिथे काही काम करतंय की नुसतं मिरवतंय?

आता दुसरी बाजू, कारण मन वळवणं एकाच बाजूला चालत नाही. मार्चमध्ये लोक तळ्यावर पाणी पिऊन परत मंडपाकडे आले, आणि गावात आवई उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. एवढंच वाक्य. ना पुरावा, ना नाव, ना कुणी पाहिलेलं. त्यावर माणसं काठ्या घेऊन धावली आणि जेवायला बसलेल्यांना, घरी परत निघालेल्यांना मारलं. बघ, तेही मन वळवणंच होतं. फरक एवढाच की बाबासाहेबांच्या बोलण्यात ऐकणाऱ्याला 'का?' विचारायला जागा होती, आवईत ती जागाच नव्हती. भीती घालायची आणि लगेच धावायला लावायचं. जो तुला विचार करायला वेळ देत नाही त्याच्यापासून सावध राहा, मग तो कितीही गोड बोलो.

हे तुला आपल्या किनाऱ्यावर रोज दिसेल. अलिबागपासून मुरुडपर्यंत जमिनीचे दलाल येतात, त्यांचं बोलणं कान देऊन ऐक. 'शेजारच्यांनी सही केली.' 'हा भाव पुढच्या महिन्यात राहणार नाही.' 'मी तुमच्याच गावचा जावई.' पहिल्या वाक्यात कळपाची भीती आहे, दुसऱ्यात घाई, तिसऱ्यात नातं. तिन्हींत जमिनीबद्दल एक अक्षर नाही. पेण तालुक्यात विशेष आर्थिक क्षेत्राविरोधात (सेझ) शेतकरी उभे राहिले आणि सप्टेंबर २००८ मध्ये बावीस गावांत जनमत घेतलं गेलं, तिथवर लोक पोचले ते अशा बोलण्याला 'थांबा, आधी कागद दाखवा' म्हणत म्हणतच.

महाडच्या डिसेंबरमधल्या परिषदेतली आणखी एक गोष्ट मला त्या गाजलेल्या भाषणाहूनही मोठी वाटते. विरोधकांनी कोर्टात जाऊन तात्पुरता मनाईहुकूम आणला होता. लोक मात्र तुरुंगात जायच्या तयारीनं आलेले. तळ्यावर जायचंच, असं बहुतेकांचं मन. अशा पेटलेल्या सभेला बाबासाहेबांनी थांबायला सांगितलं. आपलं भांडण सनातन्यांशी आहे, सरकारशी नाही, सत्याग्रह आत्ता पुढे ढकलू या, असं समजावलं. आणि लोकांनी ऐकलं. मिरवणूक शिस्तीत तळ्याभोवतून गेली आणि पाण्याला न शिवता परतली. लोकांना पेटवणारे वक्ते खूप सापडतात गं. पेटलेल्या माणसांना अपमान न वाटू देता थांबवणारे फार थोडे. ते त्यांना जमलं, कारण आधीच्या भाषणात त्यांनी रागावर नाही, कारणांवर इमारत उभी केली होती. कोर्टातली लढाई पुढे दहा वर्षं चालली आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात निकाल त्यांच्या बाजूनं लागला.

तुझ्या कामाची आणखी एक युक्ती महाडच्या लढ्यात आहे. ही माणसं नवं काही मागत नव्हती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सभासद बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्येच झाला होता, आणि महाड नगरपालिकेनंही त्याप्रमाणे ठराव केला होता. म्हणजे मागणी अशी की तुम्ही लिहून दिलंय तेच पाळा. १९६३ मध्ये वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंगनी हेच केलं. त्यांच्या स्वप्नाचा भाग सगळ्यांना आठवतो, पण भाषणाच्या सुरुवातीला ते न वटलेल्या चेकबद्दल बोलतात: देशानं आपल्याच राज्यघटनेत दिलेलं वचन काळ्या लोकांपुरतं पाळलं नाही. स्वप्न नंतर येतं, आधी थकबाकी दाखवली जाते. दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली की समोरच्याला नाही म्हणणं जड जातं.

आणि काय करायचं ते स्पष्ट सांगायला विसरू नकोस. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांना नारायण नागू पाटलांनी १९३३ मध्ये एकच गोष्ट करायला सांगितली, जमीनदार खोतांची शेतं कसायची नाहीत. लहान मुलालाही कळेल अशी. करायला मात्र महाकठीण, तरी खाडीतले मासे-चिंबोऱ्या धरून, लाकडं विकून लोक सहा वर्षं टिकले. सभेतून उठताना माणसाला 'मी आता काय करू?' हे कळलं नसेल तर टाळ्यांचा काही उपयोग नाही.

एक सांगायचं राहिलं. बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ ला घटनासमितीत बजावलं होतं की राजकारणात भक्ती ही अधोगतीची वाट आहे. त्यांचं भाषण वाचतानाही हे लक्षात ठेव. पटलं तर घे, नाही तर वाद घाल.

तर तुझ्या टाकीचं असं कर. पहिलं वाक्य 'आमच्यावर अन्याय झाला' हे नको, ते सगळेच म्हणतात. सरपंच काय म्हणतील ते आधी तूच म्हण: निधी कमी आला, ठेकेदार पळाला, हे खरं आहे. मग विचार की त्यानं वरच्या आळीला पाणी मिळालं आणि खालच्या आळीला नाही, हे कसं? कारणं एकेक करून बाजूला ठेव. बायकांनी किती लांबून हंडे आणले ते एकाच बाईच्या तोंडून सांगू दे, तूच सगळं बोलू नकोस. शेवटी एकच मागणी, तारखेसकट, आणि ती इतिवृत्तात लिहून घ्यायला लाव. लिहिलेलं सभा उठायच्या आत वाचून दाखवा म्हण. आणि सगळ्यात आधी, उद्या सकाळीच ग्रामपंचायतीत अर्ज देऊन टाकीच्या जुन्या ठरावाची प्रत मिळव. ती हातात आली की मला फोन कर, आपण दोघी मिळून पहिलं वाक्य ठरवू.