एक शून्य

मुलांनो, मी शिक्षक होण्यापूर्वीची ही गोष्ट. धाकट्या भावाने पुण्याहून माझी मूळ गुणपत्रिका स्पीड पोस्टाने जठारपेठेत आमच्या घरी पाठवली. लखोट्यावर पत्ता मीच घाईत लिहून ठेवला होता. आठ दिवस झाले, तरी लखोटा येईना. कागदपत्रांची तपासणी चार दिवसांवर आलेली! जिवाला घोर लागला.

पोस्टात गेलो. खिडकीवरचे काका म्हणाले, "पावती हाय ना? मंग काहाले भेता?" पावती भावाने जपली होती. त्याने फोनवर क्रमांक सांगितला आणि पत्ता लागला. लखोटा अमरावतीत!

जठारपेठेचा पिन ४४४००५. माझे एक शून्य सहासारखे दिसले, झाले ४४४६०५. तो अमरावतीचा!

पिनची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पिनचे अंक सहा. पहिला अंक मोठ्या विभागाचा. पहिल्या तिन्हींवरून टपालाची छाननी होते. शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. अकोला आणि अमरावती, दोन्हींचे पहिले तीन अंक ४४४च. म्हणून पुढचे अंक जपावे.

गुणपत्रिका तपासणीच्या आदल्या दिवशी हाती पडली. तेव्हापासून मी अंक सुटे नि ठळक लिहितो, वस्तू पोचेपर्यंत पावती टाकत नाही.

आज घरी आपल्या गावाचा पिन विचारा व वहीत लिहून आणा.