घरचा बाजार, घरची वही



आषाढीच्या वारीत तुकोबारायांची पालखी यवतला मुक्कामाला येते. त्या दिवशी गावात वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरीचा बेत असतो. चुली पेटण्याआधी काय होते? यादी होते. बेसन किती, तेल किती, कांदा किती, मिरची किती, ते आधी ठरते. मग कामाला हात लागतो. वारकरी पोटभर जेवतात आणि दुसऱ्या दिवशी वरवंडची वाट धरतात.

एवढ्या मोठ्या पंगतीचा बाजार आपण यादीवर करतो. आणि आपल्या घरच्या पाच-सहा माणसांचा? तो मात्र अंदाजावर! कुणालाही विचारा, "दादा, महिन्याला बाजाराला किती लागतात?" उत्तर येते, "असतील चार-पाच हजार." नक्की आकडा सांगता येत नाही. आम्हालाही येत नव्हता. ती गोष्ट आज सांगतो.

आमच्या घरची गोष्ट

आम्ही छत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. नफा-तोटा शिकवला, सरळव्याज शिकवले. पुढे हेडमास्तर झालो. मग निवृत्त झालो. आमच्या घरात माणसे सहा. आम्ही दोघे, मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडे. मुलगा कुरकुंभला कारखान्यात कामाला जातो.

एकदा असे झाले, की वीस तारखेलाच घरातला पैसा संपला. पुढच्या महिन्यातही तेच. आम्हाला राग आला. आम्ही सूनबाईंना म्हणालो, "किराणा जरा जपून वापरा. हात सैल आहे तुमचा."

सूनबाई काही बोलल्या नाहीत. डोळ्यांत पाणी आले, ते पदराने पुसले. संध्याकाळी त्यांनी नातवाची जुनी वही आणून आमच्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "आबा, रागावू नका. पण एक महिनाभर सगळं लिहू या. माझं पण आणि तुमचं पण."

"तुमचं पण" हे आम्हाला जरा लागले. पण बोलणे रास्त होते. आम्ही हो म्हणालो.

एका महिन्याचा हिशेब

महिना संपला. रात्री जेवणे झाल्यावर सगळे वहीभोवती बसलो. आधी दुकानातला किराणा मांडला. तो असा:

गहू २५ किलो, दर ३४ रुपये: ८५० रुपये
ज्वारी १५ किलो, दर ४६ रुपये: ६९० रुपये
तांदूळ ८ किलो, दर ५० रुपये: ४०० रुपये
डाळी ५ किलो, दर ११० रुपये: ५५० रुपये
गोडेतेल ५ किलो, दर १५० रुपये: ७५० रुपये
साखर ६ किलो, दर ४५ रुपये: २७० रुपये
चहापत्ती पाऊण किलो: ३६० रुपये
शेंगदाणे २ किलो, दर १३० रुपये: २६० रुपये
मीठ, मिरची, हळद, मसाला: ४२० रुपये
अंगाचा साबण, कपड्याचा साबण: ४५० रुपये
एकूण: ५,००० रुपये

आम्ही म्हणालो, "हे पाहा! पाच हजार!" सूनबाई म्हणाल्या, "आबा, पान उलटा."

दुसऱ्या पानावर रोजचा खर्च होता. दुकानाच्या यादीत न येणारा, खिशातून जाणारा. तो असा:

दूध रोज १ लिटर, ६० रुपये, ३० दिवस: १,८०० रुपये
भाजीपाला, चार बाजार, दर बाजारी ४०० रुपये: १,६०० रुपये
अंडी, मटण, मासळी: ९०० रुपये
नातवंडांचे बिस्किटाचे आणि कुरकुरीत खाऊचे पुडे, रोज २० रुपये, ३० दिवस: ६०० रुपये
मुलाचा बाहेरचा चहा-वडापाव, रोज ४० रुपये, २५ दिवस: १,००० रुपये
आमचा स्टँडवरचा चहा आणि पान-तंबाखू, रोज ५० रुपये, ३० दिवस: १,५०० रुपये
एकूण: ७,४०० रुपये

दोन्ही पाने मिळून झाले १२,४०० रुपये. आम्ही समजत होतो पाच हजार!

आता नीट पाहा. गहू, ज्वारी, तांदूळ मिळून झाले १,९४० रुपये. एवढ्यात सहा माणसांची महिन्याची चपाती, भाकरी आणि भात झाला. आणि आम्हा बापलेकांचा बाहेरचा चहा, वडापाव आणि पान? २,५०० रुपये! घरच्या साऱ्या धान्यापेक्षा तो जास्त. आणि बोल कुणाला लावला होता? सूनबाईंना!

आमची मान खाली गेली. पन्नास रुपये मोठे वाटत नाहीत. स्टँडवर चार ओळखीचे भेटतात, आपण म्हणतो, "चला, चहा घेऊ." पैसे आपणच देतो. त्यात वाईट काही नाही. पण रोजचे पन्नास महिन्याला दीड हजार होतात, हे छत्तीस वर्षे गणित शिकवणाऱ्याला कळले नव्हते. कारण आम्ही ते कधी लिहिलेच नव्हते.

आम्ही तिथेच म्हणालो, "सूनबाई, चूक आमची." त्या हसल्या. घरात महिनाभर जो ताण होता, तो त्या हसण्याने गेला.

आम्ही चहा सोडला नाही, बरे का! तंबाखू सोडली आणि चहा कमी केला. पन्नासाचे वीस केले. रोज तीस रुपये वाचले. महिन्याला ९००, वर्षाला १०,८००. नातवंडांना पुड्याऐवजी शेंगदाण्याचे लाडू मिळू लागले. आपल्या दौंड तालुक्यात गुऱ्हाळे आहेत, गूळ घरचाच म्हणायचा! मुले आधी कुरकुरली, मग खाऊ लागली. आठवड्यातून एकदा पुडाही मिळतो. लेकरांचे मन अगदीच मोडू नये.

हे आपल्याच घरी होते का?

नाही. साऱ्या देशात हेच चालले आहे. घरोघरी खर्च किती होतो, याची पाहणी भारत सरकार करते. ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ या वर्षात अडीच लाखांहून अधिक घरे पाहिली. खेड्यात दर माणशी महिन्याला सरासरी ४,१२२ रुपये खर्च होतो, असे निघाले. यात खाणे, कपडा, औषध, प्रवास, सगळे आले.

खेड्यातले घर शंभर रुपये खर्च करते, तेव्हा खाण्यापिण्यावर किती जातात? १९९९-२००० साली सुमारे ५९ रुपये जात होते. २०२३-२४ मध्ये सुमारे ४७ रुपये गेले. म्हणजे कपडा, शाळा, मोबाईल, गाडी, दवाखाना यांना आता जास्त जातात.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. १९९९-२००० साली शंभरातले सुमारे २२ रुपये धान्यावर जात. आता सुमारे ५ जातात. रेशनवर धान्य मिळते, हेही त्याचे एक कारण आहे. आणि चहा, बाहेरचे खाणे, तयार पुडे यांवर आता किती जातात? सुमारे १० रुपये. धान्याच्या दुप्पट! आमच्या वहीच्या दोन पानांवर जे दिसले, तेच देशाच्या हिशेबातही दिसते.

आपला हिशेब आजवर कोणी लिहिला?

आता थोडे मागे जाऊ. सुपे गाव तुम्हाला माहीत आहे. आज ते बारामती तालुक्यात आहे. पूर्वी ते भीमथडी तालुक्यात होते. १२ मे १८७५ रोजी तिथे बाजारात शेतकऱ्यांचा जमाव उठला आणि सावकारांच्या दुकानांवर गेला. त्या काळी पैसे देणारा आणि दुकान चालवणारा बहुधा एकच असे. लोकांना हवी होती खतपत्रे, म्हणजे कर्जाचे कागद. हाती लागतील ते कागद त्यांनी जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरले. त्याला इतिहासात दख्खनचे दंगे म्हणतात.

कारणे पुष्कळ होती. कापसाचा भाव पडला होता, सारा वाढला होता. पण एक कारण आपण लक्षात ठेवू. कागद लिहिणारा सावकार आणि अंगठा उठवणारा शेतकरी. कागदात काय आहे, हे त्याला वाचता येत नव्हते. जे वाचता येत नाही, त्याची भीती वाटते. भीती फार झाली, की माणूस काडी लावतो.

पुढे १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात म्हटले, की शेतकऱ्याने पैसे भरले तर त्याला लेखी पावती मिळाली पाहिजे, खात्याचा हिशेब मिळाला पाहिजे. कायदा चांगला होता. पण पावती वाचणार कोण? अक्षर येत नसेल, तर पावतीही मुकीच.

यानंतरची गोष्ट आपल्या शिरूर तालुक्यातली. तिथले जातेगाव बुद्रुक हे गाव डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि कानिटकर यांनी पाहिले. मॅनसाहेब पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. जमीन किती, मिळकत किती, खर्च किती, असा कुटुंबांचा हिशेब त्यांनी मांडला. त्याचे पुस्तक १९२१ साली निघाले. पण ते इंग्रजीत होते. ज्यांचा हिशेब, त्यातल्या किती जणांनी तो वाचला असेल?

म्हणजे आपला हिशेब आधी सावकाराने लिहिला, मग साहेबाने लिहिला. आता तुम्ही अक्षर शिकलात, अंक शिकलात. आता आपला हिशेब आपण लिहू या.

वही कशी लिहावी?

एक साधी वही घ्या. पानावर पाच रकाने आखा: तारीख, वस्तू, वजन, दर, रक्कम. खर्च ज्या दिवशी झाला, त्याच दिवशी लिहा. उद्यावर टाकले, की विसरलेच समजा. पाच रुपयेही लिहा. घरातल्या सगळ्यांचा खर्च लिहा. फक्त बायकांचा लिहिला आणि पुरुषांचा राहिला, तर तो हिशेब नव्हे.

दुकानात उधारीचे खाते असेल, तर दुकानदाराच्या वहीत जे चढेल, तेच आपल्या वहीत उतरवा. महिन्याच्या शेवटी दोन्ही वह्या शेजारी ठेवा आणि बेरीज ताडून पाहा. यात संशय नाही. बेरजेत चूक कुणाचीही होते. हिशेब चोख असला, की दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांचाही मान राहतो.

पुडा घेताना तीन गोष्टी वाचा: वजन, किंमत आणि तारीख. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. कमी घेता येतात. आणि पुड्याचा किलोचा भाव काढून पाहा. समजा, दहा रुपयांच्या पुड्यात २५ ग्रॅम खाऊ आहे. एका किलोत असे ४० पुडे बसतात. म्हणजे भाव झाला ४०० रुपये किलो! शेंगदाणे १३० रुपये किलो. आता तुम्हीच ठरवा.

रेशनचे धान्यही वहीत लिहा. फुकट आहे म्हणून सोडू नका. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला दर माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पावती मागून घ्या, वाचा आणि वजनाशी ताडून पाहा. घरात पाच माणसे असतील तर २५ किलो, हे आता तुम्हाला तोंडी सांगता येते.

हिशेब म्हणजे कंजूषपणा नव्हे. लेकरांचे दूध तोडू नका, म्हातारीचे औषध तोडू नका. आपला पैसा कुठे जातो ते दिसावे, एवढ्यासाठीच वही. एकदा दिसले, की काय ठेवायचे आणि काय कमी करायचे ते घरातली माणसे मिळून ठरवतात. मग कुणी कुणावर उगीच बोल लावत नाही. आमच्या घरी ती वही अजून चालू आहे. आता ती सूनबाई लिहितात आणि बेरीज आम्ही तपासतो. कधी कधी चूक आमचीच निघते!

हे करून पाहा

१. रोज १० रुपयांचा पुडा घेतला, तर तीस दिवसांच्या महिन्यात किती रुपये होतात? अशा बारा महिन्यांत किती होतात?

२. ही खात्यातली नोंद वाचा. साखर २ किलो, दर ४५, रक्कम ९०. तेल १ किलो, दर १५०, रक्कम १५०. डाळ अर्धा किलो, दर ११०, रक्कम ६५. एकूण ३०५. यात एक रक्कम चुकली आहे. ती शोधा. खरी बेरीज किती?

३. आज घरी गेल्यावर वहीचे पहिले पान लिहा. आजचा सगळा खर्च लिहा. पुढच्या वर्गाला येताना वही घेऊन या.